गुडघ्याचा एक्स-रे घरी आल्यावर

गुडघ्याचा एक्स-रे काढून आणला की घरात ठरलेली वाक्ये ऐकू येतात. ‘गॅप कमी झालाय.’ ‘हाड वाढलंय.’ ‘वंगण संपलंय.’ ‘वाट्या झिजल्यात, आता बदलाव्याच लागतील.’ त्या दिवसापासून दादी खुर्चीवर नमाज पढू लागतात, अब्बांचे मशिदीपर्यंत पायी जाणे बंद होते आणि मुले ऑपरेशनच्या पैशांचा हिशेब मांडू लागतात. काही घरांत याच्या उलट घडते. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते, म्हणून अम्मीचे दुखणे कुणी खरे मानीत नाही आणि ती वर्षभर ते मुकाट्याने सोसते.

दोन्ही घरांत एका काळ्या-पांढऱ्या चित्रावरच्या एका शब्दाने निर्णय घेतलेला असतो. म्हणून या महिन्यात आम्ही ते चित्रच समजून घेणार आहोत. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. पण फिल्मवर कोणते हाड कुठे आहे, कोणती रेघ कशाची आहे, एवढे कळले तर डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमका प्रश्न विचारता येतो. घाबरून घेतलेले पुष्कळ निर्णय त्या एका प्रश्नाने टळतात.

हाडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. हकीम अब्दुल लतीफ बगदादी इ.स. १२०० च्या सुमारास मिसरमध्ये होते. तिथल्या भीषण दुष्काळात मेलेल्या माणसांचे सांगाडे त्यांनी जवळून पाहिले. जालीनूसच्या ग्रंथांत खालचा जबडा दोन हाडांचा सांगितलेला होता. बगदादींनी असंख्य कवट्या तपासल्या आणि तो एकच हाड असतो असे स्पष्ट लिहून ठेवले. मोठ्या नावापेक्षा समोर दिसणाऱ्या हाडाला त्यांनी मान दिला. आपण तर नुसती एक फिल्म उजेडात धरायची आहे.

पांढरे काय, काळे काय

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे हे किरण शोधले. पुढच्याच महिन्यात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र काढले. त्यात बोटांची हाडे दिसली आणि बोटातली अंगठी ठळक उमटली. आजचा एक्स-रेही त्याच तत्त्वावर चालतो. किरण जिथे अडतात तिथे पांढरे, जिथून आरपार जातात तिथे काळे. धातू सगळ्यांत पांढरा, त्याखालोखाल हाड, मग मांस आणि पाणी करडे, चरबी त्याहून गडद आणि हवा काळी.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गाद्या, हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट आणि सांध्यातले वंगण यांपैकी काहीही साध्या एक्स-रेवर थेट दिसत नाही. ‘एक्स-रेत वंगण संपलेले दिसते’ असे कुणी म्हणाले, तर ते फिल्मवर पाहिलेले नसते. अंदाजाने सांगितलेले असते.

समोरून काढलेली फिल्म

फिल्म हातात घेतल्यावर आधी नाव, तारीख आणि उजव्या-डाव्याची खूण पाहा. फिल्म पाहताना रोगी आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे धरतात, त्यामुळे त्याचा उजवा गुडघा आपल्या डाव्या हाताला येतो.

वरून खाली येणारे जाड हाड मांडीचे. गुडघ्यापाशी ते रुंद होते आणि त्याला दोन गोलाकार फुगवटे येतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. दोहोंच्या मध्ये खाच असते. खालचे जाड हाड नडगीचे. त्याचा माथा टेबलासारखा सपाट दिसतो आणि मांडीच्या हाडाचे फुगवटे त्यावर टेकलेले असतात. त्या माथ्याच्या मधोमध दोन छोटी शिखरे वर आलेली असतात. ती जन्मजात रचना आहे, वाढलेले हाड नव्हे. गुडघ्याच्या आत फुलीसारखी जाणारी दोन लिगामेंट या शिखरांच्या पुढे-मागे चिकटलेली असतात. ती दिसत नाहीत, पण शिखरे दिसली की त्यांची जागा कळते.

नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असते. ते नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला असते. ही सगळ्यांत उपयोगी खूण. बारीक हाड ज्या बाजूला ती बाहेरची बाजू, त्याच्या विरुद्ध आतली. गुडघ्याची झीज आतल्या अंगाला अधिक होते, म्हणून ही खूण आधी शोधावी.

आणि वाटी? ती समोर असते, त्यामुळे या फिल्मवर मांडीच्या हाडावर पडलेल्या फिकट वर्तुळासारखी दिसते. पुष्कळांना इथेच चकवा बसतो. ‘वाट्या झिजल्या’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली कूर्चा झिजलेली असते. ‘वाटी बदलली’ असे म्हणतात त्या ऑपरेशनमध्येही या दोन हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये प्लास्टिकचा थर ठेवतात. समोरची वाटी तशीच ठेवायची की तिच्या मागच्या बाजूला अस्तर लावायचे, हे सर्जन ठरवतात.

‘गॅप’ म्हणजे नेमके काय

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये काळसर पट्टा दिसतो, त्याला सगळे ‘गॅप’ म्हणतात. निरोगी गुडघ्यात तिथे पोकळी नसते. तिथे कूर्चा आणि गाद्या असतात. त्या फिल्मवर उमटत नाहीत एवढेच. कूर्चा पातळ झाली की वरचे हाड खालच्या हाडाजवळ येते आणि पट्टा अरुंद दिसतो. म्हणजे गॅप पाहून आपण न दिसणाऱ्या कूर्चेच्या जाडीचा अंदाज बांधत असतो.

म्हणूनच फिल्म उभे राहून काढली की झोपून, याला फार महत्त्व आहे. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर शरीराचे वजन नसते. कूर्चा झिजलेली असली तरी हाडे एकमेकांपासून दूर राहू शकतात आणि गॅप चांगला दिसू शकतो. उभे राहून, दोन्ही पायांवर वजन घेऊन काढलेल्या फिल्मवर खरी स्थिती कळते. काही वेळा गुडघा थोडा वाकवून उभे करून फिल्म काढतात, कारण झीज फुगवट्याच्या मागच्या भागात असेल तर ती सरळ उभे राहून दिसत नाही. झीज किती झाली हे पाहायचे असेल, तर वयस्कर माणसाला उभे राहता येत असताना केवळ सोय म्हणून झोपवून फिल्म काढू नये. फिल्म काढण्यापूर्वी एवढे विचारावे: ‘डॉक्टरांनी उभे राहून काढायला सांगितली आहे का?’

आतल्या आणि बाहेरच्या अंगाचा पट्टा वेगवेगळा पाहावा. वयाबरोबर होणाऱ्या झिजेत बहुधा एकच बाजू, जास्त करून आतली, अरुंद होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात. रुमॅटॉइड संधिवातात मात्र दोन्ही बाजू सारख्याच अरुंद होण्याकडे कल असतो. दोन्ही आजारांचे औषध वेगळे आहे. म्हणून ‘गॅप कमी’ एवढे ऐकून थांबू नये, ‘कोणत्या बाजूचा?’ हेही विचारावे.

‘हाड वाढले’ म्हणजे काय

कडेला चोचीसारखी किंवा काट्यासारखी टोके दिसतात, त्यांना लोक ‘हाड वाढले’ म्हणतात. कूर्चा झिजू लागली की सांध्याच्या कडांना अशी नवी हाडे येतात. हा कॅन्सर नव्हे, आणि टोके नुसती दिसली म्हणून ती कापून काढायची गरजही नसते. सपाट माथ्याच्या खालची रेघ जास्त पांढरी दिसत असेल तर तिथले हाड भार पेलून घट्ट झाले आहे असे समजतात.

गॅप, काटे, हाडाचा घट्टपणा आणि वाकडेपणा यांवरून केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या. रिपोर्टवर ‘ग्रेड २’ किंवा ‘ग्रेड ३’ लिहितात ते हेच. दुसऱ्या पायरीवर काटे नक्की दिसतात, तिसरीत गॅप नक्की कमी झालेला असतो, चौथीत तो फारच कमी होतो आणि हाडाचा आकार बिघडलेला असतो. ही पायरी फिल्मची आहे, माणसाच्या त्रासाची नव्हे.

बाजूने काढलेली फिल्म

बाजूच्या फिल्मवर वाटी स्पष्ट दिसते, मांडीच्या हाडासमोर ठेवलेल्या गोट्यासारखी. तिच्या खालून एक जाड पट्टा नडगीच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत जातो. हा उंचवटा हाताने चाचपता येतो: वाटीच्या थोडे खाली हाताला लागतो तोच. वाटीची उंची आणि त्या पट्ट्याची लांबी साधारण सारखी असते. पट्टा बराच लांब असेल तर वाटी वर चढलेली असते आणि अशी वाटी बाजूला सरकण्याची शक्यता जास्त असते.

जिने उतरताना, बसून उठताना आणि कायद्यात बसताना ज्यांचा गुडघा पुढच्या बाजूला दुखतो, त्यांचे दुखणे पुष्कळदा वाटीच्या मागच्या भागातले असते. गुडघा जितका जास्त वाकतो तितका तिथला दाब वाढतो. समोरच्या फिल्मवर हा भाग झाकलेला असतो. त्यासाठी गुडघा वाकवून वरून एक वेगळी फिल्म काढतात. तिच्यात वाटी आणि ती जिच्यातून सरकते ती खाच समोरासमोर दिसतात. समोरची फिल्म चांगली आणि दुखणे मात्र खरे, असे असेल तर या तिसऱ्या फिल्मबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पडल्यानंतर बाजूच्या फिल्मवर आणखी एक खूण शोधतात. हाडाला आत तडा गेला असेल तर मगजातली चरबी रक्ताबरोबर सांध्यात उतरते. रोगी आडवा असताना किरण आडवे सोडले की वाटीच्या वरच्या भागात एक सरळ रेघ दिसते. सालनावर तर्री तरंगते तशी चरबी वर आणि रक्त खाली. तडा दिसला नाही तरी ही रेघ दिसली की हाड कुठेतरी मोडले आहे असे समजून डॉक्टर पुढचा तपास करतात.

तुटल्यासारखे दिसते, पण तुटलेले नसते

काहींच्या गुडघ्यामागे, बाहेरच्या अंगाला, घेवड्याच्या दाण्याएवढे सुटे हाड असते. काहींची वाटी जन्मतःच दोन तुकड्यांची असते. छोटा तुकडा वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असतो आणि त्याच्या कडा गुळगुळीत असतात. ताज्या मोडीच्या कडा धारदार असतात. ज्यांना हे ठाऊक नसते ते अशा फिल्मकडे पाहून ‘तुकडा पडलाय’ म्हणतात.

मुलांच्या फिल्मवर तर आईवडिलांची झोपच उडते. हाडाच्या टोकाजवळ आडवी काळी रेघ दिसते आणि हाड मोडले असे वाटते. ती वाढीची कूर्चा असते. मूल तिच्यामुळेच उंच होते आणि वाढ पुरी झाली की ती भरून येते. अगदी लहान मुलाच्या फिल्मवर वाटी दिसतच नाही, कारण तेव्हा ती कूर्चेचीच असते. साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार होऊ लागते. खेळणाऱ्या दहा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या नडगीचा उंचवटा दुखतो, सुजतो आणि फिल्मवर तुटक दिसतो. हे दुखणे बहुधा विश्रांतीने आणि वयाने बरे होते. मात्र मूल लंगडत असेल आणि ताप असेल, किंवा गुडघा दुखतो म्हणते पण गुडघ्यावर काहीच सापडत नसेल, तर ताबडतोब दाखवावे. मुलांमध्ये खुब्याचा आजार कधीकधी गुडघ्यात दुखतो.

फिल्म आणि दुखणे

ज्यांच्या फिल्मवर भरपूर काटे आहेत अशी पुष्कळ माणसे मजेत चालतात, आणि ज्यांची फिल्म साफ आहे अशांनाही रात्ररात्र झोप लागत नाही. गुडघ्याचे दुखणे हाडांइतकेच मांडीच्या स्नायूंच्या ताकदीवर, वजनावर, सांध्याच्या सुजेवर, झोपेवर आणि मनावरही अवलंबून असते. यातले फिल्मवर फार थोडे दिसते. म्हणून चांगले डॉक्टर आधी माणसाला चालायला लावतात, गुडघा वाकवून पाहतात, कुठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगतात आणि मगच फिल्म उजेडात धरतात.

पडल्यानंतर प्रत्येक वेळी एक्स-रे लागतोच असेही नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात यासाठी सोपे नियम तयार केले. वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखत असेल, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखत असेल, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला असेल तर मात्र फिल्मची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नमाज, खुर्ची आणि फिल्म

आमच्या वाचकांच्या घरांत या फिल्मचा सगळ्यांत मोठा परिणाम इथे होतो. रिपोर्टवर ‘गॅप कमी’ वाचून काहीजण त्याच दिवशी सजदा सोडतात, जरी तोवर त्यांना विशेष त्रास नव्हता. दुसरीकडे काही बुजुर्ग लोक काय म्हणतील या लाजेने खुर्ची घेत नाहीत आणि दात-ओठ खाऊन सजदा करतात.

शरियतने माणसाला त्याच्या ताकदीपुरतीच जबाबदारी दिली आहे. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसून पढावे आणि ज्याला बसवत नाही त्याने कुशीवर पडून, ही सवलत हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांच्या आजारपणात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आलेले आहे. इथे प्रश्न ताकदीचा आहे. ताकद माणसात असते. ती ग्रेडच्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून डॉक्टरांना नुसते ‘गुडघा कसा आहे?’ असे विचारू नये. नमाजमध्ये आपण गुडघा किती वाकवतो हे त्यांना करून दाखवावे आणि विचारावे: ‘सजद्याने माझ्या गुडघ्याचे नुकसान होईल, की फक्त थोडे दुखेल? उभे राहणे आणि रुकू चालेल का? किती दिवसांनी पुन्हा पाहायचे?’ हे उत्तर घेऊन आपल्या आलिमसाहेबांकडे जावे. खुर्ची कधी, किती वेळ, आणि उभे राहता येत असेल तर काय करावे, हे ते सांगतील. डॉक्टर शरीराचे सांगतील, आलिम मसला सांगतील. दोघांचे काम फिल्मवर ढकलू नये.

ऑपरेशनचा निर्णय

झिजलेल्या गुडघ्याचे ऑपरेशन अनेकांना चांगलाच आराम देते, हे खरे आहे. पण ते फिल्मच्या एका नजरेवर ठरवू नये. वजन कमी करणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, काठी आणि औषधे यांनी नीट प्रयत्न झाला आहे का? चालणे, झोप, घरातले काम अडले आहे का? ही उत्तरे आणि उभ्याने काढलेली फिल्म एकमेकांशी जुळत असतील तेव्हाच ऑपरेशनचा विचार करतात. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल आणि जमिनीवर बसता येईल का, हे आधीच विचारावे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा इम्प्लांटपुरती आहे. खोली, सर्जन, भूल यांचा खर्च वेगळा असतो. म्हणून बिलाचा अंदाज घेताना इम्प्लांटची किंमत स्वतंत्र लिहून मागावी.

काढताना आणि ठेवताना

पैंजण, गुडघ्याजवळ बांधलेला धातू, जरीची किनार, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवाव्यात. साधे सैल सुती कपडे अडथळा आणत नाहीत. महिला टेक्निशियन उपलब्ध असल्यास तशी विनंती करता येते. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगावे. गुडघ्याच्या एक्स-रेतला किरणोत्सर्ग फारच थोडा असतो, तरी विनाकारण पुन्हा पुन्हा फिल्म काढू नये.

जुन्या फिल्म टाकून देऊ नयेत. दोन वर्षांपूर्वीचा गुडघा आणि आजचा शेजारी ठेवला की झीज वाढली का हे जितके कळते, तितके एका फिल्मवरून कधीच कळत नाही. खिडकीवर धरून मोबाईलने काढलेला फोटो नातेवाइकांना पाठवून प्रत्येकाचे मत घेत बसू नये. त्यात रंग आणि प्रमाण दोन्ही बिघडतात. मूळ फिल्म किंवा सीडी घेऊनच दुसरे मत घ्यावे.

पुढच्या वेळी दादींची फिल्म घरी आली की आधी तारीख पाहा, बारीक हाड शोधून बाहेरची बाजू ठरवा, आत आणि बाहेर दोन्हीकडचा पट्टा पाहा आणि फिल्म उभ्याने काढली होती का ते विचारा. मग ती पाकिटात ठेवून दादींच्या शेजारी बसा. त्यांना कुठे दुखते, कधी दुखते, कोणते काम अडते, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि लिहून घ्या. डॉक्टरांकडे जाताना फिल्मबरोबर तो कागदही न्या.

अल्लाह आपल्या बुजुर्गांना आणि आजारी असलेल्या सर्वांना शिफा देवो. आमीन.